चौकातली जोडणी मागताना

नुसते नवे सायकल ट्रॅक नकोत, आहेत ते एकमेकांना जोडून द्या, असं कुणीतरी लिहिलंय ते शंभर टक्के पटलं. माझ्या रोजच्या वाटेवरचा ट्रॅक चौकाच्या तीसेक पावलं आधी दोन खांबांपाशी संपतो. पुढे डावीकडे वळणाऱ्या बसच्या चाकाशेजारून, मुलीला मागे बसवून जाताना अजूनही पोटात गोळा येतो.

एक भर घालते. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. त्यात अख्खा रस्ता मागू नका. अमुक चौकात उतार करा, पट्टे मारा, हा खांब हलवा, असं नेमकं लिहा. सोबत फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.