रोबोटचे न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारे) पार्ट लीगल आहेत हे स्पर्धेच्या इन्स्पेक्टरला दाखवायचं कसं?

उद्यमनगरी_पोरगा: एफआरसीसाठी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, पोरांची रोबोट स्पर्धा) उद्यमनगरातनं एक सिलिंडर (हवेनं रॉड पुढं-मागं ढकलणारा) आणि रेग्युलेटर (दाब कमी करणारा) घेतलाय, सिलिंडरवर नुसतं ०.७ एमपीए लिहिलंय आणि बिल म्हणजे साधी हाताची पावती, तेवढ्यावर चालंल का?

शिरोली_मेंटॉर: पावती ऱ्हाऊ दे भावा, रेटिंग महत्त्वाचं, म्हणजे कंपनीनं सांगितलेला जास्तीत जास्त दाब. एमपीए, पीएसआय, बार ही सगळी दाबाची मापं; ०.७ एमपीए म्हणजे जवळपास १०१ पीएसआय. रेग्युलेटरच्या पुढं ६० पीएसआयवर चालणाऱ्या भागाला निदान ७० चं रेटिंग लागतं, म्हणजे सिलिंडर पास. पण टाकीकडच्या बाजूला १२५ पायजे, तिथं १० बारचा माल बघ, ते १४५ होतात. मॉडेल नंबर वाचून कंपनीची डेटाशीट प्रिंट मार, मॅक्स प्रेशरच्या ओळीला हायलायटर लाव आणि फाइल पिटमधेच (स्पर्धेतल्या टीमच्या जागेत) ठेव.

उद्यमनगरी_पोरगा: नंबर अर्धा पुसलाय ओ, आणि पोरांनी रॉडचा आटा लेथवर थोडा उतरवलाय 😬

शिरोली_मेंटॉर: मग विषयच संपला, सिलिंडरला मशिनिंग चालतच नाही. नळी कापा, आहे त्या आट्यात फिटिंग बसवा, एवढं ठीक. दुसरा घ्या.

गोकुळशिरगाव_ताई: आणि घेताना नंबरचा फोटो दुकानातच काढा, नंतर ग्रीस लागलं की काय दिसत नाही.