टाइपफेस, फॉन्ट, टंक की वळण?

नांदेडकर: मंडळी, वाचनालयासाठी छपाईवर छोटी पुस्तिका करायलोय. टाइपफेस आणि फॉन्ट दोन्ही शब्द यायलेत आणि आपण तर दोन्हीला फॉन्टच म्हणतो. एका सरांनी टंक सुचवलं, पण टंक म्हटलं की डोळ्यापुढं टंकलेखनाचं मशीनच येतं. काय लिहू?

लातूरकर: दादा, आधी फरक बघा. शिशाच्या छपाईत फॉन्ट म्हणजे एका रूपाच्या, एकाच मापाच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा, अख्खा संच, म्हणजे तेच अक्षर 12 पॉइंटात एक फॉन्ट आणि 18 पॉइंटात दुसरा. टाइपफेस म्हणजे ते रूप, माप बदललं तरी तेच राहतं. फॉन्ट शब्दाचं मूळ फ्रेंचमधी ओतण्याच्या क्रियापदात आहे, शिसं, अँटिमनी आणि कथील वितळवून साच्यात ओतायचे म्हणून. आता एकाच फाइलीतून पाहिजे त्या मापाचं अक्षर निघतं त्यामुळं फरक बुजला. सरांचा टंकही उगाच नाही बरं का, संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, आणि ठसा मारलेलं नाणंही, टाकसाळ त्यातलीच. पोलादाच्या सळीवर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं आणि त्या खळग्यात धातू ओतून खिळा काढायचा, तर त्यातल्या पहिल्या कोरण्याला टंक शोभतो. अख्ख्या रूपाला नाही.

परभणीकर: टाइपफेसला वळणच लिहा, माझं ठाम मत आहे. देवनागरीची मुंबई वळण आणि कलकत्ता वळण अशी विभागणी आहेच, अ, झ, ण बघा, लगेच कळतं. जावजी दादाजींनी 1869 मधी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथले संस्कृत ग्रंथ देशभर गेले, त्यांच्यासोबत मुंबईचं वळणही गेलं.

नांदेडकर: पण ताई, वळण तर हातच्या अक्षराचं असतं ना?

परभणीकर: म्हणूनच तर! उर्दूचंच घ्या, आपल्या मराठवाड्यात उर्दू पेपर घरोघर वाचलेत लोकांनी. नस्तालीक हे उर्दूचं उतरत्या ओळीतलं वळण, खिळ्यांत लई अवघड, म्हणून कातिब, म्हणजे सुंदर अक्षराचे लेखनिक, हातानं लिहायचे आणि ते लिथोवर, म्हणजे शिळाछापावर, छापायचे. 1981 मधी नूरी नस्तालीक हे मशीनवर जुळवायचं वळण आलं ते मिर्झा अहमद जमील यांनी हातानं लिहिलेल्या अक्षरजोड्यांवरून. हाताचं वळणच मशीनमधी गेलं, मग शब्द तोच का नको?

लातूरकर: पटलं ताई. दादा, पुस्तिकेत असं लिहा: मुक्ता हे वळण, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेलं, आणि बारीकपासून जाड ठळकपर्यंत त्याचे 7 फॉन्ट. खिळा शब्द फक्त धातूच्या अक्षरालाच ठेवा.

परभणीकर: आणि एक चौकट टाकाच. ऑफिसात "मंगलमधी टाइप करून आणा" म्हणतात तेव्हा त्यांना युनिकोड पाहिजे असतं. मंगल हे र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेलं वळण, युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेला नंबर. वळण बदललं तरी तो नंबर बदलत नाही.