पावसात टार्पला पॅराकॉर्ड नकोच

५५० पॅराकॉर्ड (नायलॉनची बारीक दोरी) २५० किलो पेलते म्हणून टार्पलाही (कॅम्पिंगला डोक्यावर ताणून बांधायची ताडपत्री) तीच घ्या असं काही जण सांगतात, ताकदीचं बरोबर आहे पण टार्पला तेवढी लागतच नाही, खरा प्रश्न ताणाचा आहे. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. मागच्या जुलैत राजमाचीला संध्याकाळी ताठ बांधलेला टार्प मध्यरात्री लोंबायला लागला, मधोमध पाण्याचं डबकं, भर पावसात उठून चारही दोऱ्या परत ओढल्या.

आता २ मिमीची डायनीमा (एका मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) वापरतो, पाणी शोषत नाही, ताणतही नाही, फक्त फार गुळगुळीत असते त्यामुळे सरकगाठ टिकत नाही, एक-दोन वेढे जास्त द्या किंवा पॉलिएस्टरचं आवरण असलेली घ्या. हॅमॉक (झोपायचा झुला) मात्र बारीक दोरीने थेट झाडाला बांधू नका प्लीज, साल कापली जाते, तिथे रुंद पट्टाच हवा.