मदत हवी आहे: रोजगार केंद्रांची कार्यक्षमता मोजायची, पण मुंबईला लागलेला पोरगा कुणाच्या खात्यात?

खाडीकाठ: नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी कोकण विभागातली जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं घेतलीत (घरी अजून सगळे 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'च म्हणतात). सरांनी डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस, म्हणजे डीईए वापरायला सांगितलंय. जी केंद्रं कमीत जास्त काम काढतात त्यांची एक सीमारेषा आखायची आणि बाकीची त्या रेषेपासून किती मागे आहेत ते बघायचं, इथपर्यंत मला कळलंय. आदानं (केंद्रात जे घातलं जातं ते) तीन धरलीत: कर्मचारी, खर्च, नोंदणी केलेले उमेदवार. प्रदानं (त्यातून जे निघतं ते) दोन: कळवलेल्या रिक्त जागा आणि नोकरी लागलेले.

पहिली अडचण अशी की विभागात जिल्हे सातच. सरावापुरते मनाचे आकडे टाकून बघितले तर सहा जिल्हे शंभर टक्के कार्यक्षम निघाले! असा निकाल घेऊन सरांसमोर कुठल्या तोंडाने जाऊ?

दुसरी अडचण घरातलीच. भावाने बारावीनंतर नाव नोंदवलं, पुढे ओळखीतून ठाण्याला लागला. केंद्राला कळवलं नाही, अजून नोंदपटावर बेकारच असेल. आणि समजा केंद्रामार्फत लागला असता, तरी तो रत्नागिरीचा धरायचा की ठाण्याचा? आमच्याकडे निम्मं गाव चाकरमानी, त्यामुळे ही शंका बारीकसारीक नाही.

सांख्यिकीवाला: ताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आदानं आणि प्रदानं मिळून पाच, त्याच्या निदान तिप्पट केंद्रं हवीत असा ढोबळ नियम आहे. म्हणजे पंधरा. सातात डीईए करायचं तर जवळपास प्रत्येक जण कशात ना कशात पहिला येतोच. राज्याचे ३६ जिल्हे घ्या आणि त्यात कोकण वेगळं दाखवा. मूळचं १९७८ चं चार्न्स, कूपर, ऱ्होड्स यांचं प्रारूप लहानमोठ्या सगळ्यांना एकाच प्रमाणाचा नियम लावतं (आदान दुप्पट तर प्रदानही दुप्पट). मुंबई उपनगर आणि सिंधुदुर्ग एका तागडीत घालायचे नसतील तर १९८४ चं बदलत्या प्रमाणाचं वापरा. जुन्या वर्षांचे आकडे जोडणार असाल तर पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला हे विसरू नका, नाहीतर ठाण्याचं काम एका वर्षात आपटलेलं दिसेल.

निवृत्तकाका: याच खात्यात उमेदीची वर्षं घालवली, म्हणून लिहितो. अगो, तू रिक्त जागा प्रदानात धरतेस, पण त्या येतात कुठून ते बघ. तुझी आकडेवारी रिक्त जागा सक्तीने कळवण्याच्या १९५९ च्या कायद्याखालची असणार (आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला). त्यात खासगी आस्थापनेत २५ माणसं असतील तरच जागा कळवणं सक्तीचं. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामं वगळलेली, खासगी शेतीतली कामंही बहुतेक वगळलेली. म्हणजे आंब्याची तोड, पेटी भरणं, हंगामी हॉटेल, यातलं बरंचसं कागदावर येतच नाही. आणि जागा कळवली म्हणजे केंद्राने पाठवलेल्याच उमेदवाराला घ्यायला हवं, असंही बंधन नव्हतं. पनवेल-तळोजाकडे कारखाने दाट, म्हणून रायगडात जागा जास्त कळवल्या जाणार. त्यात केंद्राचा पराक्रम किती आणि नकाशाचा किती?

सांख्यिकीवाला: काका बरोबर बोलले. रिक्त जागा प्रदानातून काढा, परिस्थिती म्हणून बाजूला ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये विभागीय केंद्रांची तुलना करताना माणूस किती लवकर कामाला लागला, दीर्घकाळ बेकार तर राहिला नाही ना, पुन्हा नाव नोंदवायला आला का, असं बघितलं. वर त्या त्या भागातल्या परिस्थितीचा फरक वजा केला. फक्त तिथे बेकारभत्ता असतो, म्हणून माणूस केंद्राच्या संपर्कात राहतो. तुमच्या भावाला कळवून काय मिळणार होतं? काहीच नाही. नोंदपट फुगतो तो इथे. नोंदणीचा आकडा आदान म्हणून जसाच्या तसा घातलात तर ज्या केंद्राने पट साफ ठेवलाय ते उगाच हुशार दिसेल.

ठाणे की रत्नागिरी, तर माझ्या मते रत्नागिरी. ज्या केंद्राने उमेदवाराला वाट दाखवली, काम त्याचं. कारखान्याच्या गावाला श्रेय दिलंत तर सिंधुदुर्ग जन्मात वर येणार नाही.

आणखी एक. २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलं 'लागलेल्यां'त मिसळू नका. बारावी झालेल्याला महिना ६,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये हे विद्यावेतन आहे, नोकरी नव्हे. त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

खाडीकाठ: खूप आभार, विशेषतः काकांचे. रिक्त जागा काढल्या. पट किती फुगलाय ते बघायला आमच्या कॉलेजच्या जुन्या तुकड्यांतली, नाव नोंदवलेली मुलं शोधून विचारणार आहे. गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हा विचारू का?

निवृत्तकाका: गणपतीत येतात ते मुंबईत टिकलेले. ज्याला तिकीट परवडलं नाही तो तुला भेटणारच नाही. आणि नुसतं मेमध्ये विचारलंस तर सगळे बागेत कामाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा विचारलंस तर खलाशी सगळे घरी.

खाडीकाठ: मग तीच मुलं मेमध्ये एकदा आणि जुलैत एकदा विचारते. मुंबईवाल्यांना फोनवर.