मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये घर सोडल्यावर एजंटने १,५०० पौंडांच्या डिपॉझिटमधून १,२०० कापले

रेडिंगवासी
दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं महिना १,३०० पौंड, डिपॉझिट १,५००. तीन वर्षांनी, गेल्या महिनाअखेर सोडला. एजंटची कपात अशी: साफसफाई २४०, हॉलला नवीन कार्पेट ४५०, हॉल आणि पॅसेजचा रंग ३६०, ओट्यावरचा हळदीचा डाग १५०. उरलेले ३०० "मान्य आहे असं लिहून दिलंत की लगेच पाठवतो" म्हणतात. कार्पेटवर इस्त्रीचा ५ सेंमीचा भाजल्याचा डाग पडलाय, हे खरं आहे. तोरण आणि फ्रेमसाठी न विचारता चार खिळे मारले होते. बाकी भिंतींवर सोफा घासल्याच्या खुणा. चेक-इनचा फोटोंसह अहवाल माझ्याकडे आहे, चेक-आउटचा त्यांनी अजून दिलेला नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला परत जायचंय.

जमाखर्च
"मान्य आहे" हे दोन शब्द कुठेही लिहू नका. ज्या ३०० बद्दल वादच नाही, ते अडवून बाकीच्यावर सही मागणं चुकीचं आहे. मेलमध्ये एवढंच लिहा की ३०० लगेच पाठवा, उरलेल्या १,२०० ची कपात मला मान्य नाही, चेक-आउट अहवाल, फोटो आणि प्रत्येक रकमेचं बिल किंवा कोटेशन द्या. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी त्याचा सारांश मेलने पाठवा.

मग डिपॉझिट कुठे नोंदवलंय ते बघा. इंग्लंडमध्ये सरकारमान्य योजना तीनच: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. तिघांच्याही संकेतस्थळावर पोस्टकोड, आडनाव आणि करार सुरू झाल्याची तारीख टाकून शोधता येतं. पैसे योजनेकडेच जमा असतील तर तो कस्टोडियल प्रकार. एजंटकडे असतील आणि योजनेने फक्त हमी घेतली असेल तर इन्शुअर्ड. इन्शुअर्डमध्ये भाडेकरार संपल्यापासून ३ महिन्यांत वाद दाखल करावा लागतो. एजंट "मालकाशी बोलतो, मालकाशी बोलतो" करत लोकांचे हेच तीन महिने घालवतात.

कुठेच नोंद सापडली नाही तर बाजू तुमची. डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत ते नोंदवून त्याची ठरावीक माहिती भाडेकरूला देणं बंधनकारक आहे. तसं केलं नसेल तर कोर्ट डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट रक्कम द्यायला लावू शकतं.

(तुमची १,५०० ची रक्कम बरोबर आहे. २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानुसार वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. १,३०० गुणिले १२, भागिले ५२, गुणिले ५ म्हणजे बरोबर १,५००.)

रेडिंगवासी
नोंद सापडली, इन्शुअर्ड आहे. चेक-आउट अहवालही आला. त्यात "एकंदर स्वच्छ, ओव्हन तेलकट" असं आहे. कार्पेटचं बिल पाच वर्षांपूर्वीचं. रंग कधी दिला होता याची नोंद कुठेच नाही.

उंबरठा
मग निम्मं काम झालं. नुकसान झालं हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं, तुमच्यावर नाही. योजनेचा निवाडा करणारा घर बघायला येत नाही, फोन करत नाही, फक्त कागद वाचतो. म्हणून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून खोलीवार जुळवा.

साफसफाई: अहवालच "स्वच्छ" म्हणतोय, तर सगळ्या घराचे २४० कशाचे? फक्त ओव्हनचे द्या, ६० पुरे. करारात "व्यावसायिक सफाईचे पैसे द्यावेत" असं कलम असलं तरी २०१९ च्या कायद्याने ते लागू होत नाही. घर घेताना जेवढं स्वच्छ होतं तेवढं परत करणं, इतकीच तुमची जबाबदारी.

कार्पेट: भाजल्याचा डाग ही वापरातली झीज नाही, ते नुकसानच. पण जुन्याच्या बदल्यात तुमच्या पैशाने नवीन घ्यायचा हक्क मालकाला नाही. भाड्याच्या घरातल्या कार्पेटचं आयुष्य ८ वर्षं धरलं तर ५ संपली, ३ उरली. ४५० चे तीन-अष्टमांश म्हणजे १६८.७५. हे गणित पत्रात जसंच्या तसं मांडा.

रंग: सोफ्याच्या खुणा म्हणजे नेहमीच्या वापरातली झीज, त्याचे पैसे लागत नाहीत. रंगाचं वय एजंटला दाखवता येत नाही, आणि तो किमान तीन वर्षांचा आहेच. खिळे मात्र परवानगीशिवाय मारलेत, ते कबूल करा. भोकं बुजवून तेवढ्यावर रंग लावायचे ४० द्या.

ओटा: इथे जपून. हळदीचा पिवळा डाग दिसतो आणि फोटोत येतो. चेक-इनच्या फोटोंत ओट्यावर आधीचे चरे, सुरीच्या खुणा आहेत का?

रेडिंगवासी
आहेत, दोन फोटोंत स्पष्ट.

उंबरठा
मग ५० देऊ करा आणि ते दोन फोटो जोडा. ६०, १६८.७५, ४०, ५० मिळून ३१८.७५, सरळ ३२० करा. म्हणजे १,१८० परत मागायचे. शून्य देऊ करणाऱ्यापेक्षा स्वतःची चूक मोजून मान्य करणाऱ्याचं म्हणणं निवाड्यात जास्त टिकतं.

जमाखर्च
एजंटला उत्तरासाठी १० दिवस द्या. नाही आलं तर लगेच योजनेकडे दाखल करा. निवाडा मोफत असतो, पण तो दोघांनाही बंधनकारक असतो आणि पुरावे एकदाच देता येतात. म्हणून सगळं एकाच पीडीएफमध्ये टाका: आधी एक पानी तक्ता (बाब, त्यांची मागणी, तुमची तयारी, कारण, पुराव्याचा पान क्रमांक), मग करार, दोन्ही अहवाल, फोटो, मेल. प्रत्येक फोटोखाली खोली आणि तारीख. नुसते चाळीस फोटो पाठवणाऱ्यांचा पुरावा वाया जातो, कारण कोणता फोटो कशासाठी ते कळत नाही.

खडीसाखर
ज्यांनी घर अजून सोडलेलं नाही त्यांच्यासाठी: हळदीतला पिवळा रंग उन्हात उडतो. खिडकीजवळच्या ओट्यावर बेकिंग सोड्याची पेस्ट तासभर ठेवून पुसा आणि नंतर काही दिवस पडदे उघडे ठेवा. दगडी ओट्यावर लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नका, चकाकी जाते.

जमाखर्च
आणि पुण्याला जाण्याआधी इथलं बँक खातं बंद करू नका. वाद ऑनलाइन चालतो, तिकडूनही उत्तरं देता येतात. योजनेकडे नोंदवलेला फोन नंबर आणि मेल मात्र आजच बदला. ब्रिटिश सिम बंद पडलं की लॉगिनचा कोड येत नाही.