मदत हवी आहे: एकच डीबगिंग साधन चार प्रोसेसरांसाठी, मेमरी आणि रजिस्टर वाचायचा कोड वेगळा कसा काढू?

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष मी सी-मध्ये एक छोटं डीबगिंगचं साधन लिहितोय. आमची लिनक्सवर चालणारी उपकरणं लांब लांब बसवलेली असतात. त्यातला एखादा प्रोग्रॅम अडकला की त्याला तिथल्या तिथे थांबवायचं, स्टॅक (फंक्शनांची साखळी ठेवणारी मेमरी), रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) आणि ठरावीक व्हेरिएबल लिहून घ्यायची आणि त्याला पुन्हा सोडून द्यायचं, एवढंच त्याचं काम. एक्स८६-६४ वर ते चोख चालत होतं. मग एआरएम६४चे बोर्ड आले, पाठोपाठ रिस्क-व्हीचे. शिवाय एका ग्राहकाकडे बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मिप्स प्रोसेसरची जुनी खोकी अजून चालू आहेत. त्यांच्या कोअर फाइल (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल) आमच्याकडे येतात आणि त्या मला माझ्या लॅपटॉपवर उघडाव्या लागतात.

आज कोडची अवस्था अशी आहे की कुठलंही फंक्शन उघडा, आत इफडेफ (प्रोसेसर पाहून कोड निवडणारी अट). काल मोजले तर ६३ भरले. नवा बोर्ड आला की ६३ ठिकाणी हात घालायचा आणि एखादं ठिकाण राहून जायचं.

रजिस्टरांसाठी आधी पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसला थांबवून तपासू देणारी लिनक्सची सोय) गेटरेग्ज ही विनंती वापरत होतो. एआरएम६४ वर ती मुळात नाहीच, म्हणून गेटरेगसेटवर आलो. कर्नल २.६.३४ पासून ती आहे. आयोव्हेक (बफरचा पत्ता आणि लांबी) द्यायचा, एनटी_पीआरस्टेटस (साध्या रजिस्टरांचा संच) मागायचं. हाक सगळीकडे सारखी, पण हातात पडणारा गठ्ठा प्रत्येकाचा निराळा. एक्स८६-६४ वर २१६ बाइट आणि प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता) १२८व्या बाइटपाशी. एआरएम६४ वर २७२ बाइट आणि काउंटर २५६पाशी. रिस्क-व्हीवर २५६ बाइट, आणि काउंटर एकदम सुरुवातीलाच, शून्यावर.

मेमरीसाठी पीट्रेसचं पीकडेटा सोडून दिलं. एका वेळी एकच शब्द मिळतो, आणि परत आलेली उणे एक ही किंमत खरी की चूक हे कळायला प्रत्येक वेळी आधी एररनो (त्रुटीचा क्रमांक) शून्य करावं लागतं. आता प्रोक फाइलसिस्टिममधली त्या प्रोसेसची मेम फाइल उघडून प्रीड करतो (हव्या त्या जागेपासून वाचतो). इथवर ठीक आहे.

खरा फटका मिप्सच्या कोअर फाइलने दिला. एका रांगेची लांबी माझ्या साधनाने २६,८४,३५,४५६ दाखवली. मला वाटलं कुणीतरी मेमरी खराब केली. दोन दिवस मी त्या स्ट्रक्चरच्या शेजारपाजारचं सगळं तपासत होतो. शेवटी हेक्स डंप समोर ठेवून एकेक बाइट बोटाने मोजला: शून्य, शून्य, शून्य, दहा. हेक्समधले दहा, म्हणजे १६. रांगेत १६ नोंदी होत्या, आणि त्या असायलाच हव्या होत्या. मी ते चार बाइट मेमकॉपीने सरळ माझ्या लॅपटॉपच्या इंटमध्ये ओतले होते, आणि लॅपटॉप ते उलट्या क्रमाने वाचतो. प्रोग्रॅम निर्दोष होता, साधन चुकीचं सांगत होतं. ज्या साधनावर विसंबून दुसऱ्याची चूक शोधायची तेच चुकीचं बोलायला लागलं, तर पुढचा सगळा तपास वाया जातो. म्हणून हे आता मुळापासून नीट करायचं ठरवलंय.

जाणकारांना विचारायचंय ते असं. प्रोसेसरची माहिती आणि साधनाचं तर्कशास्त्र यांच्यामध्ये रेघ नेमकी कुठे मारायची? रजिस्टर क्रमांकाने ओळखावं की नावाने? आणि स्टॅकमध्ये एक फ्रेम (एका फंक्शनचा स्टॅकवरचा भाग) वर, म्हणजे बोलावणाऱ्या फंक्शनकडे, गेल्यावर तिथल्या रजिस्टरांच्या किमती कुठून आणायच्या? या तिसऱ्या प्रश्नावर मी पुरता अडलोय.

— बोर्डवाला

प्रतिसाद: जुनी_गाठ

बोर्डवाला, तुमची पहिली चूक तुम्हीच पकडली आहे. साधनात मेमकॉपी करून आकडा काढायची मुभाच ठेवू नका. बेल लॅब्जमधल्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी एक लायब्ररी आहे, लिबमॅक. तिची मांडणी एकदा जरूर वाचा, अजूनही इतकी स्वच्छ मांडणी मला दुसरी दिसलेली नाही. तिथे गेट१, गेट२, गेट४, गेट८ अशी फंक्शनं आहेत आणि लिहायला पुट१, पुट२ वगैरे. गेट१ सुटे बाइट देतो, पण बाकीच्यांतून वरच्या थराला मिळते ती किंमत. बाइटांची उलटापालट गेट४च्या पोटात होते, समोरचं मशीन कुठलं आहे त्यावरून.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथला नकाशा. नकाशात तुकडे असतात: या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंतचा भाग अमुक फाइलमध्ये, अमुक ठिकाणापासून. तो तुकडा जिवंत प्रोसेसचा आहे, कोअर फाइलमधला आहे की एक्झिक्युटेबलमधला, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते. तुमच्याकडे जिवंत प्रोसेस आणि कोअर दोन्ही आहेत, तेव्हा हे आधी करा. निम्मे इफडेफ तिथेच गळतील.

रजिस्टरांसाठी कोड लिहू नका, तक्ता लिहा. प्रत्येक ओळीत नाव, गठ्ठ्यातली जागा, रुंदी आणि काम. काम म्हणजे हे प्रोग्रॅम काउंटर आहे, हे स्टॅक पॉइंटर, हे परतीच्या पत्त्याचं. १२८, २५६ आणि शून्य हे तुमचे तीन आकडे त्या तक्त्यातच राहिले पाहिजेत, दुसरीकडे कुठेही दिसता कामा नयेत. साधन फक्त म्हणेल, 'काउंटर दे'.

प्रतिसाद: रात्रपाळी

एवढा खटाटोप कशाला? जीडीबीसर्व्हर (जीडीबी या डीबगरचा उपकरणावर चालणारा भाग) लहान असतो, तो बोर्डावर टाका आणि लॅपटॉपवरून रिमोट प्रोटोकॉलने बोला. मेमरी मागायला एम हा संदेश, रजिस्टरं मागायला जी. कुठली रजिस्टरं आहेत ते तो टार्गेटच्या एक्सएमएल वर्णनातून स्वतःच सांगतो.

प्रतिसाद: बोर्डवाला

रात्रपाळी, ऑफिसात आम्ही तेच करतो. पण साइटवर बऱ्याच ठिकाणी नेटवर्कच नाही. उपकरणाने रात्री दोन वाजता एकट्याने नोंद करून ठेवायची आणि माणूस पंधरा दिवसांनी जाऊन ती आणणार. त्यामुळे बोर्डावरच सगळं व्हायला हवं. एक्सएमएल वर्णनाची कल्पना मात्र उचलतो, तक्त्याची तीच गोष्ट झाली.

प्रतिसाद: सातारी_सी

तक्ता बरोबर आहे, पण त्यात ब्रेकपॉइंटची (प्रोग्रॅम थांबवायला मूळ सूचनेच्या जागी बसवायची सूचना) माहितीही घाला. लोक फक्त सूचनेचे बाइट घालतात आणि बाकीचं विसरतात.

एक्स८६ वर हेक्स सीसी, एकच बाइट. तो लागल्यावर काउंटर एक पुढे गेलेला असतो, तो एकने मागे घ्यावा लागतो. एआरएम६४ वर डी४२०००००, चार बाइट, आणि काउंटर त्याच सूचनेवर उभा असतो. तिथे एक वजा केलंत तर प्रोग्रॅम सूचनेच्या अधल्यामधल्या पत्त्यावर जाऊन मरतो. म्हणून 'थांबल्यावर किती मागे जायचं' हा तक्त्यातला स्वतंत्र रकाना हवा.

रिस्क-व्हीवर अजून एक गोम आहे. ००१०००७३ ही चार बाइटांची ईब्रेक (ब्रेकपॉइंटची सूचना), आणि ९००२ ही दोन बाइटांची. मूळ सूचना दोन बाइटांची असताना तुम्ही चार बाइटांची ठोकलीत, तर शेजारची सूचना खाल्ली जाते. आधी मूळ सूचना वाचा. तिच्या पहिल्या अर्ध्या शब्दाचे खालचे दोन बिट दोन्ही एक असतील तर ती चार बाइटांची, नाहीतर दोन. म्हणजे इथे रकान्यात आकडा पुरत नाही, छोटं फंक्शन लागतं. तक्त्यात फंक्शनचा पॉइंटर ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि गेटरेगसेटने किती बाइट दिले ते आयोव्हेकच्या लांबीत परत येतं, ते न चुकता बघा. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट एक्स८६ प्रोग्रॅम धरलात तर २१६ऐवजी ६८ येतात. आपल्याच साइझऑफवर (स्ट्रक्चरच्या मापावर) भरवसा ठेवला की ६८च्या पुढे जुना कचरा रजिस्टर म्हणून छापला जातो. कुठला तक्ता वापरायचा हे त्या लांबीवरूनच ठरवा.

प्रतिसाद: बोर्डवाला

सातारी_सी, ६८ बाइटांचं मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे एक ३२ बिट प्रोग्रॅम अजून चालतो आणि त्याच्या नोंदीत आर१२ ते आर१५ला नेहमी विचित्र किमती दिसायच्या. मुळात ३२ बिटमध्ये ती रजिस्टरंच नाहीत. आज उलगडलं.

तिसरा प्रश्न अजून उभा आहे. उदाहरण देतो. मुख्य फंक्शनने एक व्हेरिएबल आरबीएक्स या रजिस्टरमध्ये ठेवलंय. ते दुसऱ्या फंक्शनला बोलावतं, आणि प्रोग्रॅम त्या दुसऱ्यात थांबलाय. दुसऱ्याने आरबीएक्स स्वतःसाठी वापरलंय. मग मुख्य फंक्शनचं व्हेरिएबल दाखवताना मी कुठलं आरबीएक्स वाचू? सध्या प्रोसेसरमधलंच वाचतो आणि ते चुकतं.

प्रतिसाद: जुनी_गाठ

इथे मात्र विचार बदलायला लागेल. 'रजिस्टरची किंमत' असं म्हणू नका, 'रजिस्टरचं ठिकाण' म्हणा. ठिकाण चार प्रकारचं: खऱ्या रजिस्टरमध्ये, मेमरीतल्या पत्त्यावर, नुसती एक ठरलेली किंमत, किंवा ठाऊक नाही.

सगळ्यात खालच्या फ्रेमसाठी प्रत्येक रजिस्टरचं ठिकाण म्हणजे ते रजिस्टरच. एक फ्रेम वर जाताना ठिकाणांची ही यादी नक्कल करा आणि ड्वार्फमधली (कंपायलर सोबत लिहून ठेवतो त्या डीबगिंगच्या माहितीतली) फ्रेमची माहिती सांगेल तेवढीच बदला. ती सांगेल की दुसऱ्या फंक्शनने जुनं आरबीएक्स फ्रेमच्या पायापासून इतके बाइट खाली ठेवलंय. मग मुख्य फंक्शनच्या फ्रेममध्ये आरबीएक्सचं ठिकाण म्हणजे स्टॅकवरचा तो पत्ता. स्टॅक पॉइंटर कुठे साठवलेला नसतो, तो हिशोबाने निघतो, म्हणून त्याचं ठिकाण 'ठरलेली किंमत'. आणि बोलावलेल्या फंक्शनने जपायची नसतात त्या रजिस्टरांना 'ठाऊक नाही' लावा. शिळा आकडा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं शंभर पट बरं.

यातून लिहिणंही आपोआप बरोबर होतं. वरच्या फ्रेममधलं व्हेरिएबल बदललंत तर पुट८ स्टॅकवर जाऊन लिहील, आणि फंक्शन परतताना तीच नवी किंमत रजिस्टरमध्ये चढेल.

ही कल्पना मी पहिल्यांदा नॉर्मन रॅम्झी आणि डेव्हिड हॅन्सन यांच्या एलडीबी या डीबगरच्या १९९२ सालच्या लेखात वाचली. त्यांनी रजिस्टरांनाही मेमरीच मानलं आणि एका मेमरीवर दुसरी रचत नेली. मिप्स, स्पार्क, ६८०२० आणि व्हॅक्स, चारही ठिकाणी तो डीबगर चालायचा. त्यातली एक बारीक गोष्ट तुमच्या मिप्ससाठी मोलाची आहे: रजिस्टरचा छोटा भाग हवा असेल तर आधी पूर्ण रुंदीची किंमत वाचा, मग कापा. पत्ता धरून चार बाइट वाचलेत तर लिटल-एंडियनवर खालचा अर्धा मिळतो आणि बिग-एंडियनवर वरचा.

प्रतिसाद: सातारी_सी

दोन खड्डे सांगून ठेवतो. ड्वार्फचे रजिस्टर क्रमांक कर्नलच्या गठ्ठ्यातल्या क्रमाशी जुळत नाहीत. एक्स८६-६४ मध्ये शून्य म्हणजे आरएएक्स, पण एक म्हणजे आरडीएक्स आणि दोन म्हणजे आरसीएक्स. तो क्रमांकही तक्त्यात रकाना करून घ्या, गणिताने काढू नका.

दुसरा खड्डा परतीच्या पत्त्याचा. एक्स८६ वर कॉल तो स्टॅकवर ढकलतो. एआरएम६४ आणि रिस्क-व्हीवर तो आधी रजिस्टरमध्येच असतो, एक्स३०मध्ये किंवा आरएमध्ये, आणि फंक्शनला पुढे कुणाला बोलवायचं असेल तरच स्टॅकवर जातो. नवीन एआरएमवर त्या पत्त्याच्या वरच्या बिटांत सहीसुद्धा (पत्ता बदललेला नाही हे तपासायची खूण) असू शकते. ते बिट पुसल्याशिवाय तो पत्ता कुठल्याच फंक्शनमध्ये सापडणार नाही. कोणते बिट पुसायचे ते कर्नल एका वेगळ्या रेगसेटमधून देतो.

प्रतिसाद: बोर्डवाला

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. आधी नकाशा आणि गेट४ केलं, मग तक्ते, मग ठिकाणं. ६३मधले ४ इफडेफ उरलेत आणि चारही तक्ता निवडण्याच्या एकाच फाइलमध्ये आहेत. मिप्सची तीच जुनी कोअर पुन्हा उघडली. रांगेची लांबी १६ आली. तीन फ्रेम वरच्या फंक्शनमधला पॉइंटरही बरोबर निघाला, तो स्टॅकवर साठवलेला होता. जुनी_गाठ आणि सातारी_सी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एक राहिलंय. रिस्क-व्हीच्या बोर्डावर पीट्रेसचं सिंगलस्टेप (एकच सूचना चालवून थांबणं) ईआयओ ही त्रुटी देतं. ब्रेकपॉइंट उचलून एक पाऊल पुढे जायचं आणि पुन्हा बसवायचा, तर ते पाऊल टाकायचं कसं?

प्रतिसाद: सातारी_सी

तिथे कर्नल पाऊल टाकून देत नाही, आपणच टाकायचं. समोरची सूचना वाचा, पुढे कुठे जाईल ते काढा, तिथे तात्पुरता ब्रेकपॉइंट ठोका आणि सोडा. साधी सूचना असेल तर पुढचा पत्ता एकच. शर्तीची उडी असेल तर दोन्ही ठिकाणी ठोका, किंवा रजिस्टरं वाचून शर्त स्वतःच तपासा. जीडीबीही रिस्क-व्हीवर सॉफ्टवेअरनेच पाऊल टाकतो. एलआर आणि एससीची (जागा राखून वाचणारी आणि ती राखलेली असेल तरच लिहिणारी सूचना) जोडी असेल तर मात्र मध्ये थांबू नका. थांबलात की एससी फसते आणि प्रोग्रॅम त्याच फेऱ्यात फिरत राहतो. ती जोडी ओळखून ब्रेकपॉइंट तिच्या पलीकडे ठोका.

प्रतिसाद: बोर्डवाला

समजलं. 'पुढचे पत्ते कोणते' हे तक्त्यातलं अजून एक फंक्शन करतो. बोर्ड सोमवारी हातात येईल, चालवून बघतो आणि इथेच लिहितो.