तीन चाकांची डर्बी गाडी आणि लबाडीचा आरोप

रंधा

परवा 'सरळमार्गी' यांनी पाइनवुड डर्बीबद्दल, म्हणजे मुलांनी लाकडी ठोकळ्यातून बनवलेल्या छोट्या गाड्यांच्या उतारावरच्या शर्यतीबद्दल, लिहिले की, "ज्या गाडीचे एक पुढचे चाक ट्रॅकला टेकतच नाही, ती गाडी शर्यतीत उतरवणारा पालक मुलाला लबाडीची बाराखडी गिरवायला लावतो." हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण माझ्या मुलाची यंदाची गाडी नेमकी तशीच आहे आणि ती कशी घडली हे मी रोज संध्याकाळी शेजारी बसून पाहिले आहे.

आमच्या पॅकच्या (स्काउट मुलांच्या गटाच्या) नियमांत वजन पाच औंसांच्या आत, लांबी सात इंच, रुंदी पावणेतीन इंच, चाके आणि खिळे (हेच चाकांचे आस) गाडीच्या संचातलेच, बेअरिंग, वॉशर व स्प्रिंग यांना मनाई, एवढे स्पष्ट लिहिले आहे. चारही चाके टेकलीच पाहिजेत असे कुठेही लिहिलेले नाही. मुलाने विचारले, "बाबा, एक चाक वर उचलले तर?" आम्ही डाव्या पुढच्या चाकाचे भोक एक सोळांश इंच वर पाडले. उजव्या पुढच्या चाकाचा खिळा किंचित वाकवला, त्याच्या डोक्यावर पेचकसापुरती खाच पाडली आणि तो केसभर फिरवत राहिलो. तिरप्या फळीवर सोडलेली गाडी चार फुटांत तीन-चार इंच डावीकडे वळू लागली तेव्हा थांबलो. अशी गाडी ट्रॅकवर एकाच चाकाची आतली कड मार्गाच्या मधोमध असलेल्या उंच पट्टीला अलगद टेकवून धावते आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना आपटत जात नाही. मागच्या खिळ्यांना सुमारे तीन अंशांचा बाक दिला, त्यामुळे चाके खिळ्याच्या डोक्याकडे सरकून राहतात आणि लाकडाला घासत नाहीत.

चारऐवजी तीनच चाके घासत असल्याने घर्षण पाव हिश्श्याने कमी होते, हा हिशेब माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने स्वतः मांडला. ज्या मुलाने इतका विचार केला त्याच्या गाडीला लबाडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते आणि ते मी मुकाट्याने ऐकून घेणार नाही.

सरळमार्गी

रंधा, मी तुमच्या मुलाला लबाड म्हटलेले नाही, पालकांबद्दल लिहिले होते आणि ते शब्द मी मागे घेत नाही.

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी यांनी ही शर्यत सुरू केली, कारण त्यांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीसाठी (मुले आत बसून उतारावरून चालवतात त्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी) वयाने लहान होता आणि बापलेकांनी मिळून काही करावे अशी त्यांची इच्छा होती. संचात लाकडाचा ठोकळा, चार चाके आणि चार खिळे देतात. चार चाके दिली आहेत ती चालण्यासाठी, त्यातले एक शोभेला टांगण्यासाठी नव्हे. नियमात लिहिलेले नाही म्हणून चालते, हा वकिली युक्तिवाद झाला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने गाडी स्वतः कानशीने घासली आणि स्वतः रंगवली. मी फक्त करवत चालवली. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर अशी तीन चाकांची गाडी आली. शर्यत संपल्यावर त्या मुलाला तिने विचारले की तुझे हे चाक फिरत का नाही. तो म्हणाला, "बाबांना माहीत आहे." या उत्तरानंतर तुमच्या खिळ्यांच्या अंशांबद्दल मला फारसे ऐकायचे नाही.

उतारकन्या

दोघांच्या भांडणात पडण्याआधी एक दुरुस्ती करते, कारण चुकीचे पदार्थविज्ञान मुलांच्या डोक्यात पक्के बसते. चाक उचलल्याने घर्षण पाव हिश्श्याने कमी होत नाही. गाडीचे वजन तेवढेच राहते. ते आधी चार खिळ्यांवर वाटले जात होते, आता तीन खिळ्यांवर वाटले जाते, म्हणजे प्रत्येक खिळ्यावरचा भार वाढतो आणि एकूण घर्षण जवळपास तेवढेच राहते. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि टेकणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी १६९९ मध्येच मांडले आहे.

तीन चाकांची गाडी वेगवान ठरते, ते मला मान्य आहे. ती का वेगवान ठरते, एवढेच तुम्ही चुकीचे सांगत आहात.

रंधा

उतारकन्या, पुस्तकातले नियम गुळगुळीत ठोकळ्यांसाठी असतात. मी चाक बोटाने फिरवून पाहिले आहे, ते घासते हे हाताला जाणवते. घासणारी जागाच एकाने कमी झाली तर घासणे कमी होणार नाही, हे मला पटत नाही.

काळी बोटे

चाक उचलावे की टेकवावे यावर इतकी चर्चा चालली आहे, पण खरा अन्याय कुठे होतो ते कोणी बोलत नाही. आमच्याकडे लेथवर तासून हलकी केलेली चाके विकत आणून लावतात आणि तपासणीच्या टेबलावर ती कोणाला ओळखू येत नाहीत. माझा मुलगा संचातल्या चाकांच्या साच्याच्या रेघा बारीक पॉलिश कागदाने काढतो, प्रत्येक भोकात ग्राफाइट (कोरडे वंगण) भरून चाक फिरवतो, पुन्हा भरतो, पुन्हा फिरवतो. आठवडाभर आमची बोटे काळी असतात. मग समोरून निम्म्या वजनाच्या चाकांची गाडी येते. उचललेले चाक निदान सगळ्यांना दिसते, तासलेले चाक दिसत नाही. माझ्या लेखी लबाडी ती आहे.

उतारकन्या

काळी बोटे, तुमची तक्रार या चर्चेच्या मुळाशी जाते, कारण हलके चाक आणि उचललेले चाक एकाच कारणाने फायद्याचे ठरतात. रंधा, आता माझा हिशेब पाहा.

पाच औंस म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. संचातले एक चाक साधारण अडीच ग्रॅमचे असते आणि त्याचे बरेचसे प्लास्टिक कडेला असते. असे चाक गाडीबरोबर पुढेही जाते आणि स्वतःभोवतीही फिरते. त्या फिरण्यावर जी ऊर्जा खर्च होते, तिच्यामुळे गाडी आणखी दीडेक ग्रॅमने जड असल्यासारखी वागते, आणि ही अशी जडता आहे की उतार तिला खाली ओढून मदत करत नाही. एक चाक फिरलेच नाही तर सुमारे एक टक्का ऊर्जा वाचते. वेग ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेगात अर्धा टक्का फरक पडतो. बेचाळीस फुटी ट्रॅकवर चांगली गाडी तीन सेकंदांच्या आसपास घेते. त्यात दीड शतांश सेकंद वाचला तर अंतिम रेषेवर सुमारे सात सेंटिमीटरांची आघाडी मिळते.

घर्षणाचेही प्रमाण लक्षात घ्या. खिळा सव्वादोन मिलिमीटर जाडीचा आणि चाक तीस मिलिमीटर व्यासाचे. खिळ्यापाशी होणारे घासणे गाडीच्या चालीपर्यंत पोहोचताना तेराव्या हिश्श्याएवढेच उरते. गाडीचे खरे नुकसान करते ते चाक लाकडाला घासणे, मधल्या पट्टीवर आपटणे आणि गाडीचे वळवळत जाणे. तेव्हा उचललेले चाक पट्टीला आणि लाकडाला घासत नाही, इतपत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पाव हिश्श्याचे विधान मात्र मान्य नाही.

सरळमार्गी

म्हणजे सात सेंटिमीटरांसाठी हे सगळे चालले आहे. रंधा, तुम्हाला कारणही धड माहीत नव्हते, आणि तरीही तुमच्या मुलाने "स्वतः हिशेब मांडला" असे तुम्ही आम्हाला सांगितलेत. हिशेब चुकीचा, श्रेय मुलाचे आणि करामत कुठून तरी वाचलेली. माझा मूळ मुद्दा यापेक्षा चांगल्या शब्दांत मलाही मांडता आला नसता.

रंधा

सरळमार्गी, तुमची भाषा मर्यादा सोडू लागली आहे. ज्या मुलाला तुम्ही पाहिलेले नाही, त्याने कशाचा विचार केला आणि कशाचा नाही हे तुम्ही ठरवू नका. मुलाचा हिशेब चुकला असेल तर तो नऊ वर्षांचा आहे म्हणून चुकला, आणि माझा चुकला असेल तर मी तपासून पाहिला नाही म्हणून चुकला. त्यातून लबाडी सिद्ध होत नाही. भोक कुठे पाडायचे याची खूण त्याने पेन्सिलीने केली होती. पहिले भोक तिरपे गेले तेव्हा तो रडला होता. दुसऱ्या ठोकळ्यावर त्याने माझा हात बाजूला सारून भोक पाडायच्या यंत्राचा दांडा स्वतः खाली ओढला. तुमच्या मुलीच्या रंगापेक्षा माझ्या मुलाचे भोक कमी प्रामाणिक कसे ठरते, ते मला समजावून सांगा.

तपासनीस

गेली सहा वर्षे आमच्या पॅकमध्ये गाड्यांची तपासणी मी करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. आमच्याकडे चारही चाके टेकलीच पाहिजेत असा लेखी नियम आहे. गाडी सपाट काचेवर ठेवून मी प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवतो, आणि पट्टी अडखळली नाही तर गाडी परत देतो. शेजारच्या पॅकमध्ये असा नियम नाही आणि तिथे तीन चाकांच्या गाड्या उघडपणे धावतात. सगळ्या पॅकना एकच नियमावली नसते, हे ध्यानात घेतले तर तुमचे निम्मे भांडण मिटते. आमच्या टेबलावर लबाडी ठरते तीच गोष्ट पलीकडच्या टेबलावर कसब ठरते.

दुसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलाची गाडी मी याच कारणाने परत दिली. नियमपत्रक त्याच्या घरी कोणी वाचले नव्हते. वडील माझ्याशी वाद घालत होते, आणि तो मुलगा गाडी छातीशी धरून एकच विचारत होता की खिळा ठोकून चाक खाली आणता येईल का. आम्ही दोघांनी मिळून अर्ध्या तासात ते चाक खाली आणले. गाडी तिसऱ्या क्रमांकाने आली. उंच-सखल चाकांबद्दल त्या अर्ध्या तासात तो मुलगा जे शिकला, ते त्याला घरी कोणी सांगितले नव्हते. म्हणून माझे मत असे आहे की चाके कशीही लावा, पण तपासणीच्या टेबलावर "हे असे का" या प्रश्नाचे उत्तर मुलानेच दिले पाहिजे.

सरळमार्गी

तपासनीस, नियम पॅकगणिक वेगळे असतात हे मला माहीत होते. रंधा यांच्या पॅकमध्ये बंदी नाही, तेव्हा नियमाच्या दृष्टीने लबाडी हा शब्द तिथे लागू पडत नाही, एवढे मला मान्य करावे लागेल. ज्या मुलाकडे वर्कशॉप असलेला बाप नाही, त्याला ही शर्यत आणखी अवघड होते, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.

काळी बोटे

लेथच्या चाकांचेही उत्तर कोणी दिलेले नाही.

उतारकन्या

काळी बोटे, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा वजनकाटा तपासणीच्या टेबलावर ठेवायला सांगा आणि शंका आली तर चाक काढून तोला. तासलेले चाक तिथेच सापडेल.

रंधा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून पाहा. उचललेल्या चाकासाठी मूळच्या उंचीवर आणखी एक भोक पाडा, म्हणजे तेच चाक वर किंवा खाली लावता येईल. या प्रयोगापुरती गाडी सरळ जाईल अशी खिळ्याची खाच फिरवा. मग वीतभर उंचीच्या फळीवरून ती लांब, सपाट, लाकडी जमिनीवर सोडा आणि आपोआप थांबेपर्यंत जाऊ द्या. उतारावर मिळालेली सगळी ऊर्जा, चाके फिरवण्यात गेलेलीसुद्धा, शेवटी घासण्यातच संपते, म्हणून थांबण्याचे अंतर फक्त घर्षण सांगते. तुमचे पाव हिश्श्याचे म्हणणे खरे असेल तर तीन चाकांची गाडी चार चाकांच्या गाडीपेक्षा एक तृतीयांश जास्त लांब जाईल.

रंधा

काल रात्री सोफा सरकवून आम्ही प्रयोग केला. चार चाकांवर दहा वेळा, तीन चाकांवर दहा वेळा गाडी सोडली. गाडी थांबली तिथे मुलाने चिकटपट्टीचे तुकडे लावले, चार चाकांसाठी निळे आणि तीन चाकांसाठी पिवळे. शेवटी निळे आणि पिवळे तुकडे एकमेकांत मिसळून गेले होते. एक तृतीयांश तर सोडाच, रंग पाहिल्याशिवाय कोणता तुकडा कशाचा ते सांगता आले नसते. उतारकन्या, घर्षणाबद्दल तुमचे बरोबर होते. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण तुकडे अजून जमिनीवर आहेत.

त्यानंतर मुलाने मला न विचारता मागच्या एका चाकाचा खिळा पाव फेरा फिरवला आणि गाडी पुन्हा सोडली. ती वळवळत गेली आणि आधीच्या सगळ्या तुकड्यांच्या चांगलीच अलीकडे थांबली. ते पाहून तो म्हणाला की शुक्रवारच्या तपासणीपर्यंत आता फक्त मागच्या खिळ्यांवर काम करू. उचललेले चाक तो तसेच ठेवणार आहे. टेबलावर कोणी कारण विचारले तर फिरण्याची ऊर्जा वाचते असे सांगायचे, घर्षणाचे नाव काढायचे नाही, हे त्याने मला दोनदा बजावले आहे.